रक्ताची नळी कुठे जाते? विषाणू-तपासणीबद्दल वस्तीतल्या तरुणांना माहीत असायला हवे ते

पाऊस ओसरून उघडीप पडली की धामणगाव बढे आणि आसपासच्या खेड्यांत ताप सुरू होतो. सोयाबीन सोंगणीचे आणि पुढे कापूस वेचणीचे दिवस असतात. घरातले एक माणूस आडवे पडले की रोजी बुडते. म्हणून पहिले दोन दिवस गोळी खाऊन अंगावर काढले जातात आणि तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठला जातो. तिथे ‘व्हायरल आहे’ हा शब्द कानावर पडतो, सलाईन लागते, रक्त काढले जाते आणि संध्याकाळपर्यंत एक कागद हातात येतो. तो कागद घेऊन घरची मंडळी वस्तीतल्या शिकलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे येतात. “दादा, बघ बरं, डेंग्यू निघाला का?”

हा लेख त्या दादासाठी आणि ताईसाठी आहे. आम्ही मोताळा तालुक्यात सामाजिक कामाच्या निमित्ताने फिरतो तेव्हा हा प्रश्न आम्हालाही विचारला जातो. उत्तर देण्याआधी बरेच काही समजून घ्यावे लागते. तपासणी कोणती झाली, आजाराच्या कितव्या दिवशी झाली, नमुना कसा घेतला, तो कुठे गेला आणि निकाल कोणाकोणाला कळला? यातली एक गोष्ट जरी चुकली तरी छापील कागद खोटे बोलू शकतो. गरीब घरात खोटा रिपोर्ट फार महागात पडतो. नसलेल्या आजारासाठी उसनवारी होते, किंवा असलेला आजार ‘निगेटिव्ह आहे ना’ म्हणून घरीच वाढतो.

‘व्हायरल’ हे आजाराचे नाव नाही

डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका, कोरोना, फ्लू, कावीळ, गोवर हे सगळे विषाणूंमुळे होणारे आजार आहेत. सुरुवातीला यातल्या अनेकांची लक्षणे सारखीच दिसतात. ताप येतो, अंग दुखते, डोके ठणकते. नुसते पाहून यातला कोणता आजार आहे हे सांगणे अनुभवी डॉक्टरलाही कठीण जाते. नमुना तपासायचा तो यासाठी.

पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील बेलसरचे उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. २०२१ च्या जुलैमध्ये तिथे तापाचे रुग्ण वाढले. काही नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे, म्हणजे ज्याला आपण एनआयव्ही म्हणतो तिथे गेले आणि त्यात चिकुनगुन्या निघाला. बहुतेक ठिकाणी विषय तिथेच संपला असता. पण महिनाअखेरीस संस्थेचे पथक गावात आले आणि बेलसर व परिंचे इथून ४१ जणांचे रक्तनमुने घेऊन गेले. त्यात २५ जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंग्यू आणि एका महिलेला झिका निघाला. महाराष्ट्रातला तो झिकाचा पहिला नोंदलेला रुग्ण. गाव एक, ताप एकसारखा, आणि विषाणू तीन. गर्भवती बाईला झिका झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे हा फरक कागदापुरता राहत नाही. त्या गावातल्या प्रत्येक गर्भवतीची काळजी कशी घ्यायची हे त्यावरून ठरते.

आपल्या विदर्भाचे उदाहरण तर याहून जुने आहे. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा इथे तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू सापडला. तो पुण्याच्या याच संस्थेने शोधला. १९५२ साली स्थापन झालेली ही संस्था तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने ओळखली जात असे. विषाणूला गावाचेच नाव पडले, चांदीपुरा. पुढे अनेक वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात लहान मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. नमुने तपासल्यावर त्यामागे हाच विषाणू असल्याचे समोर आले. २००७ मध्ये नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा दिसला. वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा हा आजार मातीच्या, भेगा पडलेल्या भिंतींच्या घरांतल्या मुलांना जास्त गाठतो. अशी घरे कोणाची असतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

जाता जाता एक गोष्ट. आजाराला गावाचे, लोकसमूहाचे किंवा प्राण्याचे नाव देऊ नये, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. चांदीपुऱ्याच्या वेळी तसा विचार कोणी केला नव्हता. आपल्याकडेही ‘अमुक वस्तीचा ताप’ असे म्हणायची सवय आहे. ती मोडायची तर कार्यकर्त्यांनी स्वतःच्या बोलण्यापासून सुरुवात करावी.

कोणती तपासणी, कितव्या दिवशी

आम्हाला सर्वांत जास्त गोंधळ इथे दिसतो, म्हणून इथे जरा थांबतो.

विषाणू शरीरात शिरतो तेव्हा आधी तो स्वतः वाढतो. काही दिवसांनी शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी तयार करते. तपासण्यांचे मोठे दोन प्रकार यातूनच येतात. काही तपासण्या विषाणूला किंवा त्याच्या तुकड्याला शोधतात, काही शरीराने दिलेल्या उत्तराला शोधतात. पहिला प्रकार आजाराच्या सुरुवातीला उपयोगी, दुसरा नंतर.

डेंग्यूचे पाहा. ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत ‘एनएस-वन’ ही तपासणी योग्य ठरते, कारण ती विषाणूचे प्रथिन शोधते. पाचव्या दिवसानंतर ‘आयजीएम’ करायची, ती अँटिबॉडी शोधते. दुसऱ्याच दिवशी आयजीएम केली आणि निगेटिव्ह आली, तर त्यावरून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही. शरीराने अजून उत्तरच दिलेले नसते. म्हणून नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘ताप कधीपासून’ हे लिहिणे नावाइतकेच महत्त्वाचे आहे. दवाखान्यात गेल्यावर आपल्या माणसाने ‘चार-पाच दिवस झाले असतील’ असे मोघम सांगू नये. बाजाराच्या दिवसापासून, अमुकच्या लग्नापासून असे आठवून नेमका दिवस सांगावा. आशाताईंनाही तेच विचारायला सांगावे.

दुसरी गोष्ट कार्ड टेस्टची. खाजगी ठिकाणी वीस मिनिटांत निकाल देणारी डेंग्यूची पट्टी वापरली जाते. सोय म्हणून ती ठीक आहे. पण राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे पट्टीवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण ‘संभाव्य’ धरला जातो आणि खात्री एलायझा पद्धतीच्या तपासणीने होते. ही तपासणी सरकारने ठरवून दिलेल्या सेंटिनल प्रयोगशाळांत मोफत होते आणि तिथल्या आयजीएम किट पुण्याच्या एनआयव्हीतून जातात. डेंग्यू २०१६ पासून नोंद करणे बंधनकारक असलेला आजार आहे. म्हणजे खाजगी डॉक्टरनेही तो सरकारी यंत्रणेला कळवायचा असतो. कळवला नाही तर फवारणी नाही, कंटेनर सर्वेक्षण नाही आणि गावात डेंग्यू आहे याची नोंदही नाही. ‘प्लेटलेट कमी झाल्या म्हणजे डेंग्यूच’ हे समीकरणही चुकीचे आहे. प्लेटलेट बऱ्याच तापांत उतरतात.

एचआयव्हीच्या बाबतीत दिवसांचे गणित आणखी नाजूक आहे. संसर्ग झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. याला विंडो पीरियड म्हणतात. या काळात माणसाकडून दुसऱ्याला संसर्ग होऊ शकतो, पण साध्या किटवर तो निगेटिव्ह दिसतो. म्हणून जोखीम झाली असेल तर एकदा निगेटिव्ह आल्यावरही तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगतात.

हेपटायटिस सी मध्ये उलटे होते. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे आज आजार आहेच असे नाही. कदाचित तो होऊन गेलेला असतो. आज विषाणू अंगात आहे का हे पाहायला दुसरी, आरएनए तपासणी लागते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. तरीही काविळीच्या माणसाला आधी माळ घालायला आणि मग दवाखान्यात नेणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत. त्यांना रागावून उपयोग होत नाही, सोबत जावे लागते.

नमुना बिघडतो तो मशीनच्या आधी

लोकांना वाटते की चूक झालीच तर लॅबच्या मशीनमध्ये होते. प्रयोगशाळेत काम करणारी माणसे वेगळे सांगतात. बहुतांश चुका नमुना मशीनपर्यंत पोहोचण्याआधी होतात. घेताना, नाव घालताना, ठेवताना, नेताना.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात घातक चूक नावाची असते. आपल्या वस्त्यांमध्ये तर ती हमखास होऊ शकते. एका गल्लीत एकाच आडनावाची वीस घरे, त्यात तीन सिद्धार्थ, चार राहुल आणि प्रत्येक दुसऱ्या घरात एक रमा. नळीवर नुसते ‘राहुल’ लिहिले तर रिपोर्ट कोणाचा? म्हणून नळीवर पूर्ण नाव, वय आणि नोंदणी क्रमांक हवा. सोबतच्या फॉर्मवर तेच नाव, तोच क्रमांक आणि नमुना घेतल्याची तारीख-वेळ हवी. नळ्यांवर आधीच नावे लिहून ओळीने ठेवणे ही वाईट सवय आहे. रांगेत एक माणूस मागेपुढे झाला की सगळे बदलते. नमुना घेतल्यावर, रुग्ण समोरून उठण्याआधी, त्याच्याच तोंडून नाव विचारून लिहायचे. “तुमचे नाव राहुल ना?” असे विचारू नये, “तुमचे पूर्ण नाव सांगा” असे विचारावे. घाईत आणि तापात माणूस कशालाही हो म्हणतो.

दुसरी गोष्ट नळीची. रक्ताच्या नळ्यांची झाकणे वेगवेगळ्या रंगांची असतात, ती शोभेसाठी नसतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असते. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू देऊन वरचे पाणी, म्हणजे सिरम, वेगळे केले जाते. डेंग्यूसारख्या अँटिबॉडी तपासणीला साधारणपणे सिरम लागते. नळी जोरात हलवली, उन्हात राहिली किंवा न वेगळे केलेले रक्त बर्फाला चिकटून गोठले, तर रक्तपेशी फुटतात आणि नमुना वाया जातो.

घशाच्या आणि नाकाच्या स्वॅबची काडी साध्या कापसाची किंवा लाकडी दांडीची चालत नाही. त्यातले घटक पीसीआर तपासणीत अडथळा आणतात. कृत्रिम धाग्याची काडी लागते. नाकातली काडी नाकाच्या तोंडाशी फिरवून काढली तर काही हाती लागत नाही. ती नाकाच्या मागच्या भिंतीपर्यंत, सरळ मागच्या दिशेने न्यावी लागते, थोडा वेळ ठेवून फिरवावी लागते. डोळ्यांत पाणी येते, ठसका लागतो. ‘हळू करा’ म्हणून आपण सिस्टरवर ओरडतो आणि ती घाबरून वरवर काडी फिरवते, तेव्हा नुकसान आपलेच होते. काडी मग गुलाबी द्रावणाच्या नळीत, म्हणजे व्हीटीएममध्ये टाकतात. हे द्रावण विषाणूला काही काळ टिकवते.

त्यानंतर थंडाव्याचा प्रश्न येतो. विषाणूचे नमुने २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे आणि शक्य तितक्या लवकर लॅबला पोहोचवायचे. जास्त दिवस ठेवायचे तर उणे ७० अंशांचा फ्रीजर लागतो, तो आपल्या तालुक्याच्या पातळीवर नसतो. नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कागद आणि गळती न होणारी पिशवी किंवा डबा, मग बाहेरचा आईसपॅक असलेला कडक डबा. याला तिहेरी वेष्टन म्हणतात. फॉर्म बाहेरच्या डब्यात वेगळ्या पिशवीत ठेवतात, म्हणजे गळती झाली तरी कागद भिजत नाही. मे महिन्यात बुलढाण्याच्या उन्हात गाडी दोन तास उभी राहिली, डब्यातला बर्फ वितळला, तर लॅबमध्ये आलेला ‘निगेटिव्ह’ उन्हामुळेही आलेला असू शकतो.

कोरोनाच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्याने अंतराची किंमत मोजली आहे. जिल्ह्यात तपासणीची सोय नव्हती. नमुने नागपूरला जात, नंतर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ लागले. मार्च २०२० च्या अखेरीस जिल्ह्यातला पहिला कोरोना मृत्यू झाला तेव्हा त्या रुग्णाचा अहवाल मृत्यूनंतर आला. पुढच्या वर्षी, २०२१ च्या सुरुवातीला, अमरावती विभागात रुग्ण पुन्हा झपाट्याने वाढले. विदर्भातल्या त्या काळातल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत जो विषाणू-प्रकार ठळकपणे दिसला, त्याच कुळातला डेल्टा पुढे जगभर पसरला. कोणीतरी काडी नीट घेतली होती, कोणीतरी डबा थंड ठेवला होता, म्हणून ते कळू शकले.

लॅबच्या आत

पीसीआर ही फार संवेदनशील तपासणी आहे. नमुन्यातला विषाणूचा अगदी थोडा अंश ती लाखो पटींनी वाढवून दाखवते. हाच तिचा गुण आणि हाच धोका. आधीच्या पॉझिटिव्ह नमुन्याचा कण हातमोज्याला चिकटून पुढच्या नळीत गेला तर निरोगी माणूस पॉझिटिव्ह होतो. म्हणून चांगल्या लॅबमध्ये रसायने तयार करणे, नमुना उघडणे आणि मशीन चालवणे यांच्या खोल्या वेगळ्या असतात आणि काम एकाच दिशेने पुढे जाते. मागे यायचे नाही. प्रत्येक खेपेला रुग्णांच्या नळ्यांसोबत एक निश्चित पॉझिटिव्ह आणि एक निश्चित निगेटिव्ह नळी चालवतात. निगेटिव्ह नळीने पॉझिटिव्ह दाखवले की त्या खेपेचा एकही रिपोर्ट बाहेर जाता कामा नये. अनेक किटमध्ये माणसाच्या पेशींतला एक जनुकही शोधला जातो. तोच सापडला नाही तर काडी नीट लागलीच नाही असे समजून नमुना पुन्हा मागवतात. ‘पुन्हा स्वॅब द्या’ असा निरोप आला की लोक चिडतात. पण असा निरोप देणारी लॅब प्रामाणिक असते.

झटपट तपासणीबद्दल एक हिशोब पाहू. १४ जून २०२० रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) कोरोनाच्या रॅपिड अँटिजेन तपासणीला परवानगी दिली. पडताळणीत तिची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के आढळली होती. सरळ भाषेत, खरोखर कोरोना असलेल्या १०० माणसांपैकी १६ पासून ४९ पर्यंत माणसे तिच्यातून सुटू शकतात. म्हणून लक्षणे असूनही अँटिजेन निगेटिव्ह आले तर आरटी-पीसीआर करायचीच, असे त्याच सूचनेत लिहिले होते. गावोगावी मात्र सूचनेचा पहिला अर्धा भागच पोहोचला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये परदेशातून आणलेल्या झटपट अँटिबॉडी किटचे निकाल इतके भरकटले की आयसीएमआरने त्या थांबवून परत करायला सांगितल्या.

आता उलट बाजूचा हिशोब. समजा एका शिबिरात १००० लोकांची एचआयव्ही तपासणी झाली आणि त्यातल्या २ जणांना खरोखर संसर्ग आहे. किट ९९ टक्के अचूक आहे असे धरा. उरलेल्या ९९८ निरोगी लोकांपैकी एक टक्का, म्हणजे साधारण १० जण चुकून पॉझिटिव्ह दिसतील. किटवर १२ जण पॉझिटिव्ह, त्यातले १० निरोगी! म्हणूनच सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीमध्ये, पहिली किट ‘रिअॅक्टिव्ह’ आली की वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या आणखी दोन किटवर तपासून मगच निदान सांगतात. एका पट्टीवर कोणाच्या आयुष्याचा निकाल लावायचा नसतो. एका शहरातल्या खाजगी ठिकाणी ऑपरेशनआधी एका पट्टीवर रिअॅक्टिव्ह आलेल्या बाईला कॉरिडॉरमध्ये, सासूसमोर, निकाल सांगितला गेल्याचे आम्हाला ठाऊक आहे. पुढे तीन तपासण्यांत ती निगेटिव्ह निघाली. तोपर्यंत ती माहेरी पोहोचवली गेली होती.

निकाल कोणाचा?

समाजशास्त्र शिकताना ‘कलंक’ ही संकल्पना पुस्तकात वाचली होती. कोरोनाच्या काळात ती वस्तीत पत्रे ठोकलेली दिसली. रुग्णांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरल्या, गल्लीचे नाव घेऊन शिव्या दिल्या गेल्या, दूध देणे बंद झाले. ८ एप्रिल २०२० रोजीच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूचना काढली होती की बाधितांची नावे, ओळख किंवा राहण्याचा भाग समाजमाध्यमांवर पसरवू नये. ज्यांना शतकानुशतके ‘लांब राहा’ ऐकावे लागले त्या समाजाला या वागण्याचा अर्थ लगेच कळतो. परिणाम काय झाला? लोक ताप लपवू लागले. तपासणीची गाडी आली की घरांना कुलपे दिसू लागली. गुप्तता मोडली की पुढचा नमुनाच मिळत नाही. रोगशास्त्राच्या दृष्टीनेही हा तोटाच आहे.

एचआयव्हीच्या बाबतीत तर कायदाच आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशन व्हायला हवे. निकाल त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय, कायद्याने सांगितलेले अपवाद सोडून, उघड करता येत नाही. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असे नाही. कशाची तपासणी आहे, पॉझिटिव्ह आल्यास पुढे काय, नको म्हटले तर उपचार थांबतील का, हे त्या बाईला तिच्या भाषेत कळले पाहिजे.

आपण कार्यकर्तेही यात येतो. रिपोर्ट समजावून सांगायला आपल्याकडे आणतात, तेव्हा त्याचा फोटो काढून ‘डॉक्टर मित्राला पाठवतो’ म्हणत ग्रुपवर टाकू नये. पाठवायचाच तर नाव झाकून, एका माणसाला आणि विचारून.

जयंतीचे रक्तदान

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतात. ही चांगली परंपरा आहे आणि तिचा विषाणू-तपासणीशी थेट संबंध आहे. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी बंधनकारक आहे. पण वर सांगितलेला विंडो पीरियड इथेही असतो. ‘फुकटात एचआयव्ही तपासून मिळेल’ म्हणून कोणी रक्तदानाला आला तर त्याचे रक्त घेणाऱ्याला धोका होऊ शकतो. त्याने आयसीटीसीत जावे, तिथेही तपासणी मोफत आणि गुप्त आहे. शिबिराच्या आयोजकांनी मंचावरून हे स्पष्ट सांगावे. दात्याला फॉर्म भरताना एकांत मिळेल अशी जागा करावी. मित्रांच्या घोळक्यात ‘गेल्या काही महिन्यांत गोंदवून घेतले का, असुरक्षित संबंध आले का’ या प्रश्नांची खरी उत्तरे कोणी देत नाही. आणि ‘आमच्या मंडळाच्या एवढ्या पिशव्या’ ही चढाओढ थांबवावी. आकड्यासाठी ओढून आणलेला दाता खरे सांगत नाही.

शिबिर संपल्यावर सुया, कापूस, हातमोजे कोण उचलते, हेही पाहावे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या-हातमोजे लाल पिशवीत जायला हवेत. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजमुळे हेपटायटिस बी ची साथ पसरली आणि अनेकांचे जीव गेले. विहाराच्या मागे टाकलेली सुई सकाळी झाडणाऱ्या बाईच्या हातात जाते. ती बाई बहुतेक वेळा आपल्यापैकीच असते.

आता काय करता येईल

फार मोठे काही करावे लागत नाही. दवाखान्यात सोबत गेल्यावर चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. कोणती तपासणी आहे? तापाचा दिवस लिहिला का? नमुना कुठे जाणार आणि निकाल कधी येणार? ही पट्टी आहे की एलायझा? सिस्टर, आरोग्य सेवक, लॅब टेक्निशियन यांच्याशी भांडण करू नये. तीन माणसांचे काम एकाला करावे लागते, अशी बऱ्याच ठिकाणी स्थिती आहे. आईसपॅक नाहीत, किट संपल्या, गाडी नाही, अशा अडचणी त्यांच्याही असतात. त्या लेखी स्वरूपात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत मांडता येतात. या समितीला दरवर्षी थोडा निधी येतो. आपल्या वस्तीतून त्यात कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारायला ग्रामसभा आहे.

एचआयव्हीबद्दल माहिती हवी असल्यास १०९७ आणि एकंदर आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ हे क्रमांक आहेत. ते विहाराच्या फलकावर लिहून ठेवता येतील.

आणि तापाच्या दिवसांत एक साधी वही ठेवावी. कोणत्या गल्लीत, कोणत्या आठवड्यात, किती घरांत ताप, सोबत पुरळ, सांधेदुखी किंवा झटके आहेत का. नावे लिहू नयेत, फक्त आकडे. दर सोमवारी ती आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. एका आठवड्यात एकाच गल्लीत पाच-सहा घरे तापली, किंवा एका लहान मुलाला तापात झटके आले, तर पुढच्या सोमवारची वाट पाहू नये. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे आणि नमुने घेण्याची मागणी करावी, कारण पहिल्या पाच दिवसांतला नमुना नंतर परत मिळत नाही.